झाडाखाली थांबलेला माणूस

"आत गेलीय. येईल आता."

काका हे इतक्या सहज म्हणायचे, की ऐकणारा आपोआप त्यांच्या शेजारी थांबून समोरच्या दाराकडे बघायला लागायचा. डाव्या हातात इनॅमलचा, निळ्या काठाचा, झाकणाचा डबा. उजव्या हाताची बोटं झाकणावर दाबलेली. नजर हिरव्या दारावर. न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीच्या कॉम्प्लेक्समध्ये तळ्याच्या कडेला एक पंपघर आहे, त्याचं ते दार. लोखंडी आणि कायम कुलूप घातलेलं. मेंटेनन्सवाले आले की तेवढं उघडतं. आत दोन जाड पाइप आणि एक मोटार आहे. आत जावं असं तिथे कोणासाठीही काही नाही.

मी इथे राहायला आले त्या वर्षी, थंडी पडायला लागली होती तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ऑफिसला निघाले होते. पंपघरासमोर, रस्त्याच्या अलीकडे एक मेपल आहे, त्याच्याखाली एक मराठी माणूस उभा दिसला. मराठी कसा ओळखला विचाराल, तर कानटोपीवरून. मी काच खाली करून म्हटलं, "काका, राइड देऊ का?"

"नको, नको. ही आत गेलीय. येईल आता."

मी पलीकडे बघितलं. पंपघराच्या दाराला जवळजवळ नाक लावून एक बाई उभ्या होत्या. साडीवर जाड जॅकेट, पायात स्नीकर्स. जरासुद्धा हलत नव्हत्या. दार उघडत नसेल, मदत करावी म्हणून मी सीटबेल्ट काढला, तर काकांनी नुसता हात वर केला.

"बोलतायत त्या दोघी. बोलू दे."

दोघी म्हणजे कोण, हे विचारायचा धीर मला बऱ्याच दिवसांनी झाला.

काकूंचा जन्म आफ्रिकेतला, दार-एस-सलामचा. वडील तिथल्या बंदराच्या कचेरीत होते. कॉलेजच्या वयात सगळं घर पुण्याला परत आलं, मग लग्न, मग काकांबरोबर न्यू जर्सी. काका पुलांचे इंजिनिअर. आयुष्यभर इकडचा माणूस तिकडे नेऊन पोचवण्याची सोय केली, पण बायकोला एकदा तिच्या गावाला घेऊन जायचं मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. हे त्यांनीच मला सांगितलं. मग काकूंना विसरण्याचा आजार झाला. आधी न्यू जर्सी गेलं, मग पुणं गेलं आणि शेवटी शिल्लक राहिलं ते समुद्राकाठचं शहर.

सुरुवातीला काका त्यांची चूक दुरुस्त करायचे. अगं, ही पार्सिपनी आहे, समुद्र नाही, तळं आहे. काकू रडायच्या, घाबरायच्या, हा कोण माणूस मला घरी जाऊ देत नाही म्हणायच्या. एका सकाळी काकांनी वाद घालणं सोडलं आणि विचारलं, "बरं, मग बाजार कुठल्या बाजूला?" काकूंनी डोळे पुसले आणि पुढे होऊन चालायला लागल्या. त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी दार-एस-सलामला जात.

मीही सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला लागले. आमच्या कचऱ्याच्या मोठ्या पेट्या म्हणजे मासळीबाजार. "वास येतोय ना? मग? हिने अगदी योग्य जागा निवडलीय," काका म्हणायचे. तळं म्हणजे समुद्र. क्लबहाउसचं लाल छप्पर म्हणजे काठावरचं चर्च. तिथे समुद्राकडे पाठ करायची. लाँड्री रूमच्या झरोक्यातून गरम हवा तोंडावर येते ती बेकरी. टपालपेट्यांची रांग म्हणजे इंडिया स्ट्रीट. रस्त्यात बदकं आडवी आली की काकू माझा दंड धरून थांबवायच्या, गाड्या जाऊ दे म्हणायच्या. वयाने मोठं कोणी भेटलं की वाकून "शिकामो" म्हणायच्या. तिकडे थोरांना असा नमस्कार करतात. आमच्या समोरच्या गोऱ्या आजी आधी दचकल्या, पण काकांनी त्यांना उत्तर शिकवून ठेवलं. मग त्याही काठी टेकत गंभीरपणे "माराहाबा" म्हणायला लागल्या.

आणि शेवटी हिरवं दार. झैनबचं घर. झैनब ही काकूंची लहानपणापासूनची मैत्रीण. गाव सोडताना तिच्या आईने बोटीवर खायला म्हणून या इनॅमलच्या डब्यात काहीतरी भरून दिलं होतं. खाणं संपलं, डबा राहिला. पुणं झालं, अमेरिका झाली, डबा बरोबर फिरत राहिला. सगळं विसरलेल्या काकूंना एवढंच टोचत होतं, की लोकांचा डबा आपल्याकडे राहिलाय. आणि रिकामा तर परत देता येत नाही. म्हणून काका रोज त्यात काहीतरी भरायचे. बेसनाचे लाडू, चिवडा, अगदीच काही नसलं तर साखर. दाराशी आलं की काकू म्हणायच्या, "अहो, तुम्ही इथेच थांबा. मी आत जाऊन येते." डबा काकांच्या हातातच राहायचा. काकू रस्ता ओलांडायच्या, दाराला तळहात लावायच्या आणि तिथल्या तिथे आत जायच्या.

दुसरा शब्द नाही हो माझ्याकडे. मी ते जवळून पाहिलंय. डोळे उघडे असायचे, पण त्या डोळ्यांत बाई नसायच्या. कधी मान हलायची, कधी ओठ. एकदा हसल्या, समोर कोणी बोललेलं ऐकून हसतात तसं. मग एकदम वळायच्या, रस्ता ओलांडून यायच्या आणि म्हणायच्या, "चला. डबा द्यायचा राहूनच गेला बघा. तुमच्याकडेच होता."

"उद्या देऊ," काका म्हणायचे.

बर्फ वितळायच्या दिवसांत काकू गेल्या. अमेरिकेतच दूर प्लेनोला असलेला मुलगा आला, तेराव्यापर्यंत राहिला. डॅड, इथे एकटे काय करणार, माझ्याकडे चला, आम्ही खालची बेडरूम तुम्हाला देऊ, असं त्याने परोपरीने सांगितलं. चांगला मुलगा आहे तो. काका नाही म्हणाले. तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करताना खिडकीतून बाहेर बघितलं, तर मेपलखाली काका. हातात डबा.

मी तशीच खाली गेले. म्हटलं, "काका, थंडी आहे."

"आत गेलीय," ते म्हणाले. "येईल आता."

मी घाबरले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. समोर नुसतं दार होतं आणि त्यावरचं कुलूप. माझा चेहरा बघून काकांनाच माझी दया आली असावी.

"अगं, मला वेड लागलेलं नाही. ती गेली हे मला ठाऊक आहे, सगळे विधी माझ्या हातानेच झाले. पण हॉस्पिटलमध्ये शेवटी ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, तुम्ही इथेच थांबा, मी आत जाऊन येते. आता तिने थांबायला सांगितलंय. मी नाही थांबलो आणि ती बाहेर आली, तर?"

मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ उभी राहिले आणि ऑफिसला गेले. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काका ठीक आहेत ना, डॉक्टरला दाखवलं का. मी म्हटलं, त्यांचं डोकं तुमच्यापेक्षा ठिकाणावर आहे. जरा फटकळच बोलले, पण बोलले.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या कंपनीचं काम नेमकं दार-एस-सलामच्या एका बँकेत निघालं. मी हे काकांना सांगितलं. निघायच्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या घरी आले. आत बेसनाचे लाडू, वरून फडकं बांधलेलं.

"घर सापडेल न सापडेल. झैनब असेल नसेल. डबा दिलास तर बरंच, पण ते महत्त्वाचं नाही. तू एवढंच बघून ये, की तिथे हिला बसायला कोणी खुर्ची देत होतं का. इतके दिवस मी बाहेर उभा होतो. आत तिचं काय होत होतं, मला काही कळलं नाही. तिला नुसतं दारात उभं तर नाही ना ठेवलं कोणी?"

विमानतळावर डबा उघडायला लावला. हे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेजाऱ्यांचा डबा आहे, परत द्यायचाय. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, लाडवाकडे बघितलं आणि झाकण लावलं.

पहिला मोकळा दिवस रविवारी मिळाला. हॉटेलवाल्याने गाडी देतो म्हटलं, मी नको म्हटलं. हे शहर मला चालतच बघायचं होतं, कारण चालतच माहीत होतं. दुपारी मासळीबाजारापासून सुरुवात केली. वासाच्या बाबतीत काकूंनी आमच्या पेट्यांवर अन्यायच केला होता म्हणायचा. लिलावाचा गलका, तव्यांवर तळली जाणारी मासळी, बंदराकडे येणारी बोट आणि तिच्यातून एकदम बाहेर पडलेली शेकडो माणसं. रस्त्यावर आपल्या तीनचाकी रिक्षा. तिकडे त्यांना बजाजीच म्हणतात, हे ऐकून मला उगाच माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. एक कॉफीवाला हातातले छोटे कप एकमेकांवर वाजवत चालला होता. ऊन असं, की सावलीसुद्धा तापलेली. मी खुशीत होते. नवीन शहरात माणूस असतो तशी.

मग लाल छपराचं चर्च आलं. आत गाणं चाललं होतं. मी समुद्राकडे पाठ केली आणि तिथपासून मजा संपली.

उंच काचेच्या इमारती, बँका, मोबाइलची दुकानं, काकूंच्या वेळचं काही शिल्लक असायचं कारणच नव्हतं. पण वळणं तीच. क्लबहाउसपासून लाँड्रीपर्यंत जेवढं चालतो तेवढं चालले आणि तोंडावर गरम हवेचा झोत आला. पावाचा वास. मी थांबून बघितलंसुद्धा नाही. पुढे इंडिया स्ट्रीट. एका चौकात माझा दंड कोणीतरी धरल्यासारखा झाला आणि मी थबकले, तोच एक मोटारसायकल सुसाट गेली. मागे कोणी नव्हतं. माणसं होती, पुष्कळ होती, पण माझ्याजवळ कोणी नव्हतं. मी डबा पोटाशी धरला. त्यानंतर रस्ता आठवावा लागला नाही. पाय पुढे जात होते आणि मी त्यांच्या मागे.

गल्लीच्या तोंडाशी देशी बदामाचं झाड होतं आणि समोर जुनं, एकमजली घर. दार लाकडी, हिरवं. मी झाडाखालीच उभी राहिले. पुढे जाववेना. शेवटी काकांच्या खुर्चीच्या प्रश्नाची आठवण झाली आणि रस्ता ओलांडला.

एका तरुण मुलीने दार उघडलं. ती शाळेत शिकवायची, इंग्रजी छान बोलायची. मी म्हटलं, झैनब इथे राहतात का. झैनब तिची आजी; आजीकडे कोणी येईल असं तिला वाटत नसावं, पण तिने आत घेतलं. खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती, अगदी बारीक, डोक्यावरून ओढणी. समोर दोन कप. शेजारी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर उशी. मी वाकून "शिकामो" म्हटलं.

म्हातारीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने डब्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. नात गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"आजी म्हणते, शेवटी आणलास. मैत्रीण रोज म्हणते, डबा बाहेरच्या माणसाकडे आहे."

मला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची ती एकच होती. नातीने माझ्यासाठी स्टूल आणलं. मग हळू आवाजात सांगितलं, की आजीला वयामुळे काही आठवत नाही. गेली कित्येक वर्षं रोज दुपारी आपली मैत्रीण येते म्हणते. दुसरा कप मांडायला लावते, खुर्चीवर कोणाला बसू देत नाही. तास तास बोलते. आम्ही पण मग तिला काही म्हणत नाही.

तिथली दुपार म्हणजे आमची सकाळ, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी विचारलं, ती अजून येते का. नातीने ते आजीला विचारलं. म्हातारी प्रसन्न हसली.

"येते म्हणते. हल्ली तर उठायची घाईच करत नाही. पूर्वी सारखी म्हणायची, जाऊ दे, तो उभा आहे. आजी म्हणते, अगं, त्यालाही आत बोलाव. तर म्हणते, थांबेल तो." नात जराशी ओशाळली. "बाहेर झाडाखाली कोणी माणूस उभा असतो म्हणे. आम्हाला कधी दिसला नाही."

मी खिडकीतून बघितलं. बदामाच्या झाडाखाली सावली होती आणि वाळलेली पानं होती. पार्सिपनीत या वेळी काका मेपलखाली असणार होते. मी हात हलवला. का, ते सांगता येणार नाही. हात हलवला आणि मला रडू आलं.

निघताना म्हातारीने डबा अडवून धरला. नातीने लाडू काढून घेतले, डबा घासला आणि त्यात खोबऱ्याच्या वड्या भरून माझ्या हातात दिला. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, ती म्हणाली. आमच्याकडेही नाही, मी म्हटलं. आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले.

परत आल्यावर विमानतळावरून थेट काकांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खुर्चीचा.

"आहे, काका. खिडकीजवळ. उशी आहे. चहा असतो रोज."

काकांनी चष्मा काढला. पुष्कळ वेळ पुसला. मी बाकीचं सगळं सांगितलं, वळणं, बेकरी, दंड धरलेला, झाडाखालच्या माणसाचं. सांगू की नको असं झालं होतं, पण या माणसापासून ते लपवणं मला पाप वाटलं.

"म्हणजे मी दिसत होतो," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी मला दिली आणि डबा हातात फिरवून बघितला. "पण हा तर भरून परत आला. आता पुन्हा आपल्यावर आलं."

मी थट्टेने म्हटलं, "काका, असं तर हे कधी संपायचंच नाही."

"नकोच संपायला," ते म्हणाले.

मेपलखाली ते रोज जात राहिले. पण आता चेहरा वेगळा असायचा, स्टेशनवर गाडी वेळेवर आहे हे कळल्यावर माणसाचा असतो तसा. दाराकडे बघून एखादे वेळी हातही हलवायचे.

पानं लाल व्हायला लागली होती. मी घरूनच काम करत होते, सकाळची मीटिंग चालू होती, तेवढ्यात झैनबच्या नातीचा मेसेज आला. आजीने आज तीन कप मांडायला लावलेत. त्याला आज मैत्रिणीने आत बोलावलं म्हणते. डबाही आणलाय म्हणे. तिला खूप हसू येतंय. तुझे काका बरे आहेत ना?

मी खिडकीकडे गेले. मेपलखाली कोणी नव्हतं.

स्लिपर घालून तशीच धावले. काकांनी रस्ता ओलांडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पंपघराच्या पायरीवर बसले होते, गाल हिरव्या दाराला टेकवून. मांडीवर डबा, बोटं झाकणावर, पण दाबलेली नव्हती. कुलूप होतं तसंच होतं. मी हाक मारली, हात धरला, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. हात अजून गरम होता. मला खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं.

मुलगा प्लेनोहून आला. घर आवरताना डबा पुढे करून म्हणाला, "याचं काय करू? टाकून देऊ का?" आत ताजे बेसनाचे लाडू होते. मी डबा मागून घेतला. पुढच्या कामाला तिकडे जाईन तेव्हा पोचवेन. तोवर त्यात काहीतरी घालून ठेवते, निदान साखर तरी.

समोरच्या गोऱ्या आजी अजून तळ्याभोवती फिरतात. परवा काठी टेकत मेपलपाशी थांबल्या आणि मला विचारलं, तो टोपीवाला माणूस हल्ली दिसत नाही. त्यांना काय सांगावं ते मला लगेच सुचलं.

आत गेलेत, मी म्हटलं. येतील आता, असं मात्र म्हटलं नाही.